ह्यूबर्ट डेव्हिस यांचा पहिला हंगाम: फेब्रुवारीनंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या संघात नेमके काय बदलले?

मुक्ता_केरी (एप्रिल २०२३)

नमस्कार मंडळी,

आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये केरीला राहायला आलो आणि मुलीने चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्रवेश घेतला. बास्केटबॉलशी आजवर काडीचाही संबंध नसलेल्या आमच्या घरात त्यामुळे अख्खा हिवाळा त्याच खेळाच्या गप्पांत गेला. मी पूर्ण पाहिलेला हा पहिलाच हंगाम. तो कसा गेला हे इथे राहणाऱ्यांना ठाऊकच आहे: हंगामापूर्वीच्या क्रमवारीत देशात पहिला असलेला संघ २० विजय आणि १३ पराभवांवर थांबला आणि मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला जागाच मिळाली नाही. १९८५ मध्ये ही स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून पहिल्या क्रमांकाने सुरुवात करणाऱ्या कोणत्याही संघावर अशी वेळ आली नव्हती, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले.

माझा प्रश्न मात्र त्याच्या आदल्या, म्हणजे २०२१-२२च्या हंगामाचा आहे. रॉय विल्यम्स यांनी १ एप्रिल २०२१ रोजी निवृत्ती जाहीर केली आणि चारच दिवसांनी त्यांचे सहायक ह्यूबर्ट डेव्हिस यांच्या हाती संघ आला. त्यापूर्वी कोणत्याही महाविद्यालयाच्या मुख्य संघाचे प्रमुख प्रशिक्षकपद त्यांनी सांभाळले नव्हते. त्या वर्षीचे निकाल मी क्रमाने वाचून काढले, तेव्हा फेब्रुवारीपर्यंतची यादी पाहून छातीत धस्स झाले. डिसेंबरात केंटकीकडून ९८-६९, १८ जानेवारीला मायामीकडून ८५-५७, चार दिवसांनी वेक फॉरेस्टकडून ९८-७६, ५ फेब्रुवारीला घरच्या मैदानावर ड्यूककडून ८७-६७ आणि १६ फेब्रुवारीला पुन्हा घरीच, गुणतक्त्यात तळाकडे असलेल्या पिट्सबर्गकडून ७६-६७. त्या रात्री संघाचे १८ विजय आणि ८ पराभव झाले होते. त्यानंतरच्या १३ सामन्यांत याच संघाने ११ जिंकले आणि तो राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

हे कसे घडले, ते मला समजून घ्यायचे आहे. मुलीचे म्हणणे असे की त्या तीन आठवड्यांत नशिबाने साथ दिली आणि या वर्षी खरे चित्र समोर आले. मला ते पटत नाही, पण तिला उत्तर देण्याइतका खेळ मला कळत नाही. ज्यांनी तो हंगाम जवळून पाहिला, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

निळी टेकडी

मुक्ताताई, चॅपल हिल परिसरात राहून मला वीस वर्षे होत आली आणि त्या हंगामातला एकही सामना मी चुकवला नाही. त्यामुळे जरा लांबण लागली तर समजून घ्या.

सुरुवात विल्यम्स यांच्या शेवटच्या हंगामापासून करावी लागते. त्यांची पद्धत साऱ्या देशाला माहीत होती: दोन उंच खेळाडू रिंगजवळ उभे करायचे, चेंडू हातात येताच सुसाट पळायचे आणि हुकलेल्या फटक्यांचे रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेले चेंडू, ओरबाडून घ्यायचे. या पद्धतीने त्यांनी २००५, २००९ आणि २०१७ अशी तीन अजिंक्यपदे चॅपल हिलला आणली, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु २०२०-२१ मध्ये आर्मांडो बेकॉट, गॅरिसन ब्रुक्स, डेरॉन शार्प आणि वॉकर केसलर असे चार धिप्पाड खेळाडू एकाच संघात होते आणि बाहेरून नेम धरणारे हात मात्र कमी पडत होते. रिंगभोवती इतकी दाटी व्हायची की पहिल्या वर्षाच्या कॅलेब लव्हला आत शिरायला वाट सापडत नसे. तीन गुणांच्या शंभर फटक्यांतले त्याचे जेमतेम सत्तावीस आत जात होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात विस्कॉन्सिनने ८५-६२ असे हरवले. विल्यम्स यांच्या साऱ्या कारकिर्दीत पहिल्या सामन्यात हरण्याची ती पहिलीच वेळ होती.

डेव्हिस त्यांच्याच हाताखाली नऊ वर्षे सहायक होते आणि त्याआधी प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या संघातून याच विद्यापीठासाठी खेळले होते. त्यामुळे जुनी घडी तशीच चालेल, असे बहुतेकांना वाटले. परंतु खेळाडू म्हणून हे गृहस्थ नेमबाज होते. एनबीएमधल्या बारा हंगामांत तीन गुणांचे त्यांचे ४४ टक्के फटके यशस्वी ठरले आणि ही टक्केवारी त्या स्पर्धेच्या इतिहासात अगदी वरच्या रांगेतली आहे. मैदानाकडे पाहण्याची त्यांची नजर बाहेरून आत जाणारी. आत एकटा बेकॉट आणि बाहेर चौघे, अशी मांडणी त्यांनी केली आणि त्यासाठी ओक्लाहोमात चार वर्षे खेळलेल्या ब्रेडी मॅनेकला आणले. हा सहा फूट नऊ इंचांचा दाढीवाला गडी शंभरांतले चाळीस फटके बाहेरून आत टाकत होता, त्यामुळे त्याला धरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला रिंग सोडून त्याच्या मागे जावेच लागे आणि आत बेकॉटला हातपाय पसरायला जागा मिळे. बेकॉटने त्या हंगामात ३१ सामन्यांत गुण आणि रिबाउंड दोन्ही दोन आकडी केले आणि नेव्हीच्या डेव्हिड रॉबिन्सन यांच्या विक्रमाशी बरोबरी केली, त्याचे मूळ या मोकळ्या जागेत आहे.

मग जानेवारीपर्यंत एवढे मोठे पराभव का झाले, असे आपण विचाराल. माझ्या मते नवी मांडणी कागदावर होती, पण ती कोणत्या पाचांनी चालवायची हे ठरलेले नव्हते. मार्केटहून आलेला डॉसन गार्सिया हाही उंच आणि चांगला खेळाडू होता. तो आणि मॅनेक यांच्यात वेळ वाटली जात होती, राखीव खेळाडू आत-बाहेर होत होते आणि बचावात कोणी कोणाला धरायचे याचा दर सामन्यात गोंधळ दिसत होता. जानेवारीच्या उत्तरार्धात कौटुंबिक कारणासाठी गार्सियाने संघ सोडला. अँथनी हॅरिसही उरलेल्या हंगामासाठी उपलब्ध नसल्याचे जाहीर झाले. बाक रिकामा झाला आणि जे पाच उरले, बेकॉट, मॅनेक, लव्ह, आर. जे. डेव्हिस आणि लीकी ब्लॅक, त्यांच्यावरच प्रशिक्षकांनी सारा भार टाकला. लोक त्यांना 'आयर्न फाइव्ह' (पोलादी पाच) म्हणू लागले ते यानंतर. तेच पाच जण रोज चाळीसपैकी पस्तीस-पस्तीस मिनिटे एकत्र खेळले की कोण कुठे वळणार हे एकमेकांना न बोलता कळू लागते. ५ मार्चला ड्यूकच्या घरी, त्यांचे प्रशिक्षक माइक शिशेव्हस्की यांच्या घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात, आपण ९४-८१ असे जिंकलो. त्या दिवशी बेकॉट २३, लव्ह २२, आर. जे. डेव्हिस २१ आणि मॅनेक २० अशा चौघांनी वीस किंवा अधिक गुण केले. एकाच संघातले चौघे एका सामन्यात विशी गाठतात, हे सहसा पाहायला मिळत नाही.

ब्लॅकचे नाव गुणांच्या यादीत दिसणार नाही, पण त्याला विसरू नका. ५ फेब्रुवारीच्या सामन्यात ड्यूकच्या ए. जे. ग्रिफिनने २७ गुण केले होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पुन्हा ड्यूकच समोर होते, तेव्हा ब्लॅक त्याच्या अंगाला चिकटून राहिला आणि ग्रिफिन ६ गुणांवर थांबला.

म्हणून माझे उत्तर असे की ते यश नशिबाचे नव्हते. एका निर्णयाचे होते, आणि त्या निर्णयातला निम्मा भाग प्रशिक्षकांवर परिस्थितीने लादलेला होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

---

पिव्होट_नागपूर

निळी टेकडी यांनी मांडणीबद्दल जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे. मी एके काळी विद्यापीठ संघातून खेळलो आहे आणि पाच जणांच्या सवयीचे मोल जाणतो. आमच्या वेळी सरावात प्रशिक्षक दर दहा मिनिटांनी माणसे बदलत, तेव्हा स्क्रीन लावल्यावर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची वाट अंगाने अडवल्यावर, मागचा माणूस डावीकडून जाणार की उजवीकडून, हे ओरडून सांगावे लागे. सवयीच्या पाचांत नुसता खांदा वळला तरी कळायचे. तरीही मुक्ताताईंच्या मुलीचे म्हणणे एका फटक्यात मोडीत काढू नये, असे मला वाटते.

राष्ट्रीय स्पर्धेतला दुसऱ्या फेरीचा बेलरविरुद्धचा सामना आठवा. गतविजेत्या, पहिल्या मानांकित बेलरवर आपण ६७-४२ अशी पंचवीस गुणांची आघाडी घेतली होती आणि दहा मिनिटे शिल्लक होती. त्याच क्षणी कोपर लागल्याबद्दल मॅनेकला पंचांनी बाहेर काढले. पुढे लव्हचे पाच फाउल भरले आणि तोही बाहेर गेला. त्या दहा मिनिटांत पाचांपैकी एकेक जण कमी होत गेला, तशी बेलरने मैदानभर दाबून धरत आमची चेंडू पुढे नेण्याची वाटच बंद केली आणि सामना ८०-८० असा बरोबरीत नेला. जादा वेळेत आपण ९३-८६ असे जिंकलो ते आर. जे. डेव्हिसच्या धाडसामुळे, त्याने त्या दिवशी ३० गुण केले. पण तो सामना आपण हरलो असतो तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते, आणि तसे झाले असते तर आज 'आयर्न फाइव्ह' हा शब्द कोणी उच्चारला नसता. 'सारा भार पाचांवरच टाकला' म्हणून याच प्रशिक्षकांवर टीका झाली असती.

दुसरी गोष्ट लव्हची. यूसीएलएविरुद्ध पहिल्या डावात त्याच्या खात्यावर फक्त ३ गुण होते आणि दुसऱ्या डावात त्याने २७ केले. उपान्त्य सामन्यात ड्यूकविरुद्ध २८ गुण केले आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात मार्क विल्यम्ससारख्या ताडमाड खेळाडूच्या हातांवरून तीन गुणांचा जो फटका टाकला, तो मी निदान पन्नास वेळा पाहिला असेन. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात त्याचे २४ पैकी फक्त ५ फटके आत गेले. खेळाडू तोच, मांडणी तीच, मोकळ्या जागाही बऱ्याच वेळा त्याच. नेमबाजीत असे चढउतार असतातच. त्याला नशीब म्हणायचे नसेल तर म्हणू नका, पण प्रशिक्षकांच्या हाताबाहेरचे बरेच काही त्या मार्चमध्ये आपल्या बाजूने पडले, एवढे मान्य करावे लागेल.

---

सांगलीची_सून

मला खेळाची बारीक जाण नाही, पण दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात.

हंगाम सुरू होण्यापूर्वी डेव्हिस यांनी प्रत्येक खेळाडूच्या लॉकरमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोमचे छायाचित्र लावले होते, कारण अंतिम फेरी तिथे होणार होती. जानेवारीत वेक फॉरेस्टकडून ९८ गुण खाऊन परतलेल्या पोरांनी ते छायाचित्र रोज पाहिले असेल आणि ते कोणी काढून टाकले नाही, याचा विचार केला की अजूनही मला भरून येते.

दुसरी गोष्ट म्हणजे २ एप्रिलची रात्र. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन विद्यापीठे एकमेकांपासून दहा-बारा मैलांवर, पण राष्ट्रीय स्पर्धेत त्यापूर्वी ती कधीही समोरासमोर आली नव्हती. ८१-७७ असा निकाल लागताच आम्ही सगळे फ्रँकलिन स्ट्रीटकडे धावलो. हजारो मुले रस्त्यावर होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, सत्तरीच्या पुढच्या एका बाईंनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्या नुसत्या रडत होत्या. १९८२चे अजिंक्यपदही त्यांनी याच रस्त्यावर साजरे केले होते. आमची आधीची ओळख नव्हती. तरी त्यांनी बराच वेळ हात सोडला नाही.

---

मुक्ता_केरी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बेलरचा सामना काल रात्री मुलीबरोबर पूर्ण पाहिला आणि मॅनेक बाहेर गेल्यावर पुढची दहा मिनिटे मी अक्षरशः श्वास रोखून बसले होते, निकाल ठाऊक असूनही. पिव्होट यांनी लिहिलेली दाबून धरण्याची गोष्ट तेव्हा डोळ्यांना दिसली: चेंडू मध्यरेषेपलीकडे नेणेच अवघड होऊन बसले होते.

आता एकच शंका उरते. पाचांपैकी चौघे या वर्षीही संघात होते. बेकॉट होता, लव्ह होता, आर. जे. होता, ब्लॅक होता. मग सवयीचा तो फायदा गेला कुठे? पोर्टलंडमध्ये अलाबामाविरुद्ध चार जादा डाव खेळून १०३-१०१ असे हरलो, तेव्हापासूनच माझ्या मुलीने आशा सोडली होती.

---

निळी टेकडी

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. पिव्होट यांच्या हरकतीलाही त्यातूनच उत्तर मिळते, म्हणून दोन्हींबद्दल एकत्र लिहितो.

चौघे परत आले, पण न आलेला पाचवा मॅनेक होता. बाहेर चौघे उभे करण्याची मांडणी ज्याच्या नेमावर उभी होती, तोच गेला. त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नहून पीट नॅन्स आला. गुणी खेळाडू आहे, पास चांगले देतो, परंतु त्याला धरणारा प्रतिस्पर्धी रिंग सोडून बाहेर येण्याची घाई करत नाही. या हंगामात संपूर्ण संघाचे तीन गुणांचे फटके शंभरांतले जेमतेम एकतीस आत गेले. प्रतिस्पर्धी सरळ आत दाटी करून उभे राहू लागले आणि बेकॉटभोवती पुन्हा विल्यम्स यांच्या अखेरच्या वर्षासारखी गर्दी झाली. त्यात बेकॉटचे खांदा आणि घोट्याचे दुखणे. तरीही प्रशिक्षकांनी नव्या मुलांना फारशी मिनिटे दिली नाहीत. पहिल्या वर्षी नाइलाजाने केलेली गोष्ट दुसऱ्या वर्षी त्यांची पद्धत होऊन बसली, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. माझा डेव्हिस यांच्यावर विश्वास आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. आता लव्हनेही संघ सोडायचे ठरवले आहे, तेव्हा पुढच्या हंगामात नवे पाच जण घडवावेच लागतील आणि त्यासाठी बाकावरच्या मुलांना नोव्हेंबरपासूनच मैदानावर उतरवावे लागेल.

पाचांवर भार टाकण्याची किंमत काय असते, हे खरे तर पहिल्याच वर्षी, ४ एप्रिलच्या अंतिम सामन्यात दिसले होते. मध्यंतराला आपण कॅन्ससवर ४०-२५ अशी पंधरा गुणांची आघाडी घेतली होती. दुसऱ्या डावात कॅन्ससने ४७ गुण केले, आपण २९. लव्हचे फटके हुकले याचे कारण नेमबाजीतला चढउतार, असे पिव्होट म्हणतात. मी त्यात थकलेल्या पायांचाही वाटा धरतो, कारण हुकलेले कितीतरी फटके रिंगच्या पुढच्या कडेला लागून परतले आणि पाय साथ देईनासे झाले की चेंडू तसा तोकडा पडतो. बाकावरून उठून आलेल्या पफ जॉन्सनने ११ गुण करून आपल्याला सामन्यात ठेवले. अखेरच्या मिनिटांत तो मैदानावरच ओकला आणि फरशी पुसून होईपर्यंत खेळ थांबला.

मुलीबरोबर तो सामना पाहाल तेव्हा शेवटचे मिनिट दोनदा पाहा. दोन दिवसांपूर्वी ड्यूकविरुद्ध घोटा मुरगळलेला असतानाही बेकॉट खेळत होता आणि त्याने १५ रिबाउंड घेतले होते. एका गुणाने मागे असताना तो चेंडू घेऊन रिंगकडे वळला, तोच घोटा पुन्हा दुमडला आणि चेंडू हातून गेला. लंगडत लंगडत त्याला बाहेर जावे लागले. कॅन्ससचा डेव्हिड मॅककॉर्मॅक हा सहा फूट दहा इंचांचा, अडीचशे पौंडांचा खेळाडू रिंगजवळ उभा होता आणि त्याला अडवायला आपल्याकडे उंच माणूस एकच उरला होता: मॅनेक. जानेवारीत गार्सिया गेल्यानंतर त्या जागेला दुसरा कोणी तयारच झाला नव्हता. मॅककॉर्मॅकने पाठ टेकवून मॅनेकला मागे रेटले, वळला आणि त्याच्या डोक्यावरून चेंडू आत टाकला. ७२-६९. मॅनेकने दोन्ही हात सरळ वर धरले होते, फाउल केला नाही, जागाही सोडली नाही. त्याच्याकडून याहून अधिक काही होण्यासारखे नव्हते.

त्यानंतरही चेंडू आपल्याकडे आला होता. लव्हचा शेवटचा फटका हुकला तेव्हा बेकॉट बाकाजवळ उभा राहून तो पाहत होता.